बरगे कधी घालायचे?

आज जाऊया मलकापूरला, शाहूवाडी तालुक्यात, कडवी नदीच्या काठी.

मी सिव्हिल इंजिनिअर. पाण्याचा हिशेब हे माझं काम. कडवीचं पाणी वारणेत जातं, वारणेचं कृष्णेत. वाटेत पाणी अडवायची एक साधी युक्ती कोल्हापूरच्याच नावानं महाराष्ट्रभर गेली: केटी वेअर, म्हणजे 'कोल्हापूर टाइप' बंधारा. उभे खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पूर आणि गाळ जाऊ द्यायचा. पाऊस ओसरला की परत घालायचे.

सगळी मेख तारखेत आहे. लवकर घातले आणि परतीचा पाऊस कोसळला, तर पाणी काठच्या शेतात. उशीर झाला, तर पाणी वाहून गेलं आणि पात्रात उरली डबकी.

डबकी आली की डास आले. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. पुढे त्यानं गणित मांडलं: सगळे डास मारायची गरज नाही, संख्या एका मर्यादेखाली आणली की साथ विझते. आजची हवामान आणि आरोग्याची मॉडेल्स याच वाटेनं जातात. पाऊस, तापमान, साचलेलं पाणी यांवरून तापाच्या साथीचा अंदाज.

पण आता पाऊसच वेळापत्रक पाळत नाही. म्हणून मला वाटतं, बरग्यांची तारीख ठरवताना पाटबंधारेवाल्यांशेजारी आरोग्य केंद्राचे डॉक्टरही बसले पाहिजेत. पाणी एकच आहे, मग फायली दोन कशाला?

तुमच्या गावात बरगे कधी घालतात? आजोबांना विचारा, आणि आम्हाला कळवा.