पेट्यांत कोंडलेले बाबासाहेब आणि आपल्या घरातल्या ट्रंका

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६ अलीपूर रोडवर, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर लोटला, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्यांच्या टेबलावरच्या कागदांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ते कागद आधी दिल्लीत न्यायालयाच्या ताब्यात गेले. पुढे ते महाराष्ट्राच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे, म्हणजे मृतांच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे आले. कोट, चष्मा, भांडीकुंडी यांचे जे होते तेच विचारांचेही झाले. ते ‘मालमत्ता’ ठरून पेट्यांत बंद झाले. कायद्याला वारस दिसतात, चळवळ दिसत नाही.

ही कोंडी फोडायला कोणी बडा पुढारी पुढे आला नाही. नागपूरचे वकील जे. बी. बन्सोड न्यायालयात गेले. त्यांची मागणी साधी होती: हे लेखन छापण्याची परवानगी आम्हाला द्या, नाहीतर सरकारला ते छापायला सांगा. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. अखेर वसंत मून यांनी पाठपुरावा केला, माईसाहेब आणि आंबेडकर कुटुंबीयांनी संमती दिली आणि सप्टेंबर १९८१ मध्ये पेट्या प्रकाशनासाठी शिक्षण विभागाकडे आल्या. तोवर जवळजवळ २५ वर्षे गेली होती. एक अख्खी पिढी ते लेखन न वाचताच लढली!

त्या पेट्यांत काय होते? ‘रिडल्स इन हिंदुइझम’ होते. १९८७ साली ते चौथ्या खंडात छापले गेले आणि ज्यांना ते झोंबले त्यांनी गदारोळ केला. तेव्हा आपला समाज लाखोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरला. म्हणून आम्ही म्हणतो, त्या पेट्यांत जुनी रद्दी नव्हती, दारूगोळा होता. पण काही प्रकरणे अपुरी सापडली, काही पाने मिळालीच नाहीत. ती आता कोण परत आणणार?

वस्तूंचेही तसेच. बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आज नागपूरजवळ चिचोळीच्या शांतिवनात आणि पुण्याच्या सिम्बायोसिसमधील संग्रहालयात पाहायला मिळतात, ते कोणीतरी वेळीच जपले म्हणून.

मित्रांनो, आता आपल्या घरात डोकावू या. आजोबा गेले की शेताचा सातबारा लगेच शोधला जातो. त्यांची ट्रंक मात्र रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. त्या ट्रंकेत ‘जनता’चे अंक असतील, समता सैनिक दलाचा बिल्ला असेल, भीमगीतांची वही असेल, धर्मांतराच्या दिवशीचा फोटो असेल. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही अशी तक्रार आपण करतो. पण आपण स्वतः किती जपला?

ट्रंक उघडा. भाऊबंदांची समजूत काढा. प्रत्येक कागदाचा फोटो घ्या, त्यावर नाव, गाव, साल लिहा. वाटणी जमिनीची होते, वारशाची होत नाही. तो सगळ्यांचा असतो.

जय भीम!