घरातला बाजार आणि भीड

बाजाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच पेठा, बंदरे, व्यापारी तांडे आणि जकातनाकी यांकडे जाते. घराच्या बैठकीच्या खोलीत भरणाऱ्या बाजाराची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. एखाद्या गृहिणीने मैत्रिणींना संध्याकाळी चहाफराळास बोलवावे, एका विक्रेतीने त्यांच्यासमोर आपली पेटी उघडावी, आतले कपडे हातोहात फिरावेत, आणि मागणीचे कागद भरून झाल्यावर मंडळींनी हसतखेळत घरी परतावे, ही विक्रीची रीत इंग्लंडमध्ये 1981 पासून चांगलीच रुजली. विषय ऐकून कोणी हसेल, कोणी नाक मुरडेल. परंतु ज्या वस्तूचे नाव चारचौघांत घ्यावयाचे नाही, ती वस्तू स्त्रीने कोठून, कोणाकडून आणि कोणाच्या देखत घ्यावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्याची उत्तरे काळानुसार कशी बदलत गेली आणि प्रत्येक उत्तराची किंमत कोणी मोजली, हे पाहणे बोधप्रद आहे.

या कथेचा आरंभ कॉर्सेटपासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय स्त्री कमरेभोवती हे ताठ वस्त्र आवळून बांधीत असे. त्याला ताठपणा यावा म्हणून आत देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या किंवा पोलादाच्या पट्ट्या घालीत. पोलादाच्या पट्ट्या गंजत, मोडत आणि अंगाला टोचत. 1904 च्या सुमारास अमेरिकेतील मार्कस मेरिट बीमन या गृहस्थाने तारेला वेटोळी वळणे देऊन चहूबाजूंनी वाकणारी पट्टी तयार केली, आणि तिच्या जोरावर पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल गावी ‘स्पायरेला’ ही कंपनी उभी राहिली. इंग्लंडमध्ये 1903 साली वसविलेल्या लेचवर्थ या उद्याननगरीत या कंपनीने आपला कारखाना काढला. 1912 ते 1920 या काळात बांधलेली ती भव्य इमारत गावकरी थट्टेने ‘कॉर्सेटचा किल्ला’ म्हणून ओळखीत. कारखाना 1989 साली बंद झाला. इमारत आजही उभी आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की स्पायरेलाची मदार दुकानावर नव्हती. कंपनीने शिकवून तयार केलेल्या स्त्रिया गिऱ्हाइकाच्या घरी जात, बंद दाराआड तिची मापे घेत, ती कारखान्याकडे धाडीत आणि मापानुसार शिवलेले वस्त्र तिच्या हाती पोहोचते करीत. गिऱ्हाईक स्त्री, विक्रेती स्त्री आणि जागा गिऱ्हाइकाचेच घर, अशी ही व्यवस्था होती. आपल्या शरीराविषयीची अडचण एका जाणत्या बाईपाशी बोलता येते, ही सोय त्या काळच्या स्त्रीला लहान वाटली नसेल. विक्रेतीलाही प्रतिष्ठा न गमावता चार पैसे मिळविण्याचा मार्ग सापडला. मात्र हा व्यवहार दोघींचा होता. त्यात मैत्रिणींचा मेळा अद्याप शिरला नव्हता.

तो मेळा आणला अमेरिकेतील झाडू-ब्रश विकणाऱ्यांनी. फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज यांनी 1931 साली मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफील्ड येथे ‘स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. दारोदार हिंडून एकेका गृहिणीला माल दाखविण्यापेक्षा एकीच्याच घरी शेजारणी गोळा केल्या तर श्रम वाचतात आणि विक्री वाढते, हे तिच्या विक्रेत्यांच्या ध्यानात आले. यजमानीण घर देई, चहा-कॉफी देई, निमंत्रणे करी. मोबदल्यात तिला भेटवस्तू मिळे. जमलेल्यांपैकी एखादी पुढील बैठक आपल्या घरी ठरवी. अशा रीतीने एका बैठकीच्या पोटी दुसरी बैठक जन्म घेई, आणि कंपनीला ना दुकानाचे भाडे भरावे लागे, ना जाहिरातीवर फारसा खर्च करावा लागे.

या पद्धतीला खरी कीर्ती मिळाली ती टपरवेअरच्या प्लास्टिकच्या डब्यांमुळे. अर्ल टपर यांनी 1946 साली हे डबे बाजारात आणले, पण दुकानांत ते पडून राहिले. झाकण दाबून आतील हवा कशी काढावयाची, हे कोणी करून दाखविल्यावाचून गिऱ्हाइकाला उमगत नव्हते. ब्राउनी वाइज या घटस्फोटित बाईंवर एका मुलाच्या संगोपनाचा भार होता. स्टॅन्लीचा माल विकण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता, आणि हे डबे घरगुती बैठकींत त्यांनी इतक्या प्रमाणात विकून दाखविले की 1951 साली टपर यांनी दुकानांतील विक्रीच बंद केली व वाइजबाईंना उपाध्यक्षपद दिले. 1954 च्या एप्रिलमध्ये ‘बिझिनेस वीक’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र झळकले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. महायुद्ध संपल्यावर कारखान्यांतून घरी पाठविलेल्या अमेरिकन स्त्रियांना या बैठकींनी घराबाहेर न पडता कमावण्याची वाट दाखविली, हे खरेच आहे. पण 1958 च्या जानेवारीत टपर यांनी वाइजबाईंना काढून टाकले. कंपनीत त्यांच्या नावे एकही भाग नव्हता. त्याच वर्षी टपर यांनी आपली कंपनी एक कोटी साठ लाख डॉलर्सना विकली. जिने हा व्यापार घराघरांत पोहोचविला तिच्या वाट्याला सुमारे वर्षभराचा पगार आला.

आता डब्यांवरून पुन्हा कपड्यांकडे वळू, कारण पुढील प्रकरणात हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. लंडनमध्ये मार्बल आर्चजवळ 1970 साली ‘ॲन समर्स’ नावाचे दुकान निघाले. स्त्रियांची झिरझिरीत अंतर्वस्त्रे आणि शृंगाराची साधने तेथे विकली जात, परंतु गिऱ्हाइके बहुतांशी पुरुष असत. पुढे हा धंदा गोल्ड बंधूंनी घेतला. त्यांच्यापैकी डेव्हिड गोल्ड यांची कन्या जॅकलीन 1979 साली, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, आठवड्याला 45 पौंडांवर तेथे उमेदवारी करू लागली. पूर्व लंडनमधील एका घरगुती विक्री-बैठकीस ती गेली असता जमलेल्या बायकांनी तिला सांगितले की, त्या दुकानातील वस्तू आम्हांलाही हव्या आहेत, पण तेथे पाऊल टाकण्याची आमची छाती होत नाही. या बोलण्यातून तिला कल्पना सुचली. स्त्रियांना असल्या गोष्टींत रस नसतो, असा शेरा संचालक मंडळातील एका पुरुषाने मारल्याची आठवण ती पुढे सांगत असे. तरी मंडळाने संमती दिली आणि 1981 मध्ये ॲन समर्सच्या घरगुती बैठकी सुरू झाल्या. नियम एकच पण कडक होता: बैठकीत पुरुषाला प्रवेश नाही.

तो काळही या प्रयोगास अनुकूल होता. ब्रिटनमध्ये मंदी होती. 1982 च्या जानेवारीत बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली. नवऱ्याची नोकरी सुटलेल्या घरी बायकोने आठवड्यातून दोन संध्याकाळी कपड्यांची पेटी घेऊन निघावे आणि विक्रीवरील दलालीत घर चालवावे, याला आता केवळ हौस म्हणता येत नव्हते. हजारो स्त्रिया या कामात शिरल्या. बैठकीत प्रथम हशा पिकविणारे खेळ होत, मग माल दाखविला जाई. अंगावरच्या कपड्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची मुभा त्या दोन-तीन तासांपुरती सर्वांना मिळे. जॅकलीन गोल्ड 1987 मध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या व 2023 च्या मार्चमध्ये कर्करोगाने निवर्तल्या. एक चोरटे, पुरुषी दुकान त्यांनी स्त्रियांच्या हाती आणून दिले, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

परंतु इतिहासाचा हिशेब येथेच मिटत नाही. आपल्या भाषेत ‘भीड’ असा एक अर्थगर्भ शब्द आहे. लाज, संकोच, मुर्वत आणि दबाव या चौघांचाही अंश त्यात आहे. दुकानातील परपुरुषासमोर आपले माप सांगताना वाटते ती एक भीड. जिच्या घरचा चहा आपण नुकताच प्यालो, तिला ‘मला काही नको’ असे सांगताना वाटते ती दुसरी. घरगुती बैठकीने पहिली भीड मोडली, आणि ती मोडण्यासाठी दुसरीचा उपयोग केला. फ्रेंझन आणि डेव्हिस या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1990 साली अशा घरगुती विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. खरेदी होणार की नाही, हे वस्तूच्या आवडीइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, यजमानीण आणि पाहुणी यांच्यातील स्नेहावर अवलंबून असते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्या आज्यांना ठाऊक होतीच. तिचा व्यापारी उपयोग मात्र या कंपन्यांनी शोधून काढला.

म्हणून काय दुकानच बरे म्हणावयाचे? तसेही नाही. सौदी अरेबियाचे उदाहरण पाहावे. परस्त्री व परपुरुष यांचा संपर्क टाळण्याबाबत कमालीचे काटेकोर असलेल्या त्या देशात स्त्रियांना दुकानांत नोकरी करता येत नसल्यामुळे, स्त्रियांची अंतर्वस्त्रे विकण्यास मात्र पुरुष बसत. मर्यादेच्या रक्षणासाठी केलेल्या बंधनाने मर्यादेचाच असा भंग व्हावा, ही मोठी विचित्र गोष्ट होती. जेद्दा येथील अर्थशास्त्राच्या अभ्यासक रीम असद यांनी याविरुद्ध चळवळ केली, अशा दुकानांवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. अखेर राजे अब्दुल्ला यांच्या 2011 च्या जूनमधील आदेशानुसार, जानेवारी 2012 पासून या दुकानांत स्त्री-विक्रेत्या नेमणे सक्तीचे झाले. लज्जा वस्तूत नव्हती. ती विकणारा कोण, यात होती, हे या प्रकरणाने उघड केले. आणि भिडेवाचूनही लज्जा राखता येते, हेही त्याने दाखविले. दुकानातील बाईला चार कपडे पाहून नकार देता येतो, तिचे आपल्यावर चहाचे ऋण नसते.

आपल्या मराठी समाजाला ही गोष्ट सर्वस्वी परकी नाही. गुळेदगुड्डचा खण हे चोळीचे कापड. पण तो खण नारळ-तांदळांसह सुवासिनीच्या ओटीत चारचौघींच्या देखत घातला जाई आणि घालणारीला वा घेणारीला त्यात संकोच वाटत नसे. छातीवरच्या वस्त्राचे कापड हे आपल्याकडे स्त्रीने स्त्रीला द्यावयाचे उघड आणि मंगल दान होते. चोळी घरी शिवण्याचा प्रघात मागे पडला, तयार ‘बॉडी’ दुकानातून घ्यावी लागू लागली, आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून, मान खाली घालून घरी आणण्याची वस्तू झाली. कापड तेच शरीर झाकीत होते. देवघेव मात्र स्त्रियांच्या हातून निसटून गल्ल्यामागील पुरुषाकडे गेली होती.

टपरवेअर 1996 साली भारतात आले आणि शहरोशहरींच्या वसाहतींत ही घरगुती बैठक परिचित झाली. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांच्या हळदीकुंकवालाही आता कोपऱ्यात साड्यांची, दागिन्यांची, कपड्यांची एखादी मांडणी दिसते. परप्रांतात मराठी बोलणारी चार घरे एकमेकांना धरून असतात. तेथे शेजारधर्म हाच मोठा आधार, आणि म्हणूनच तेथील भीडही अधिक चिवट. विकणारी गरजू असते, तिचा माल चांगला असतो आणि तिला मदत करणे योग्यच असते. पगार, रजा आणि निवृत्तिवेतन यांची सवय झालेल्या आम्हा नोकरदारांनी तिच्याकडे वरून पाहण्याचे कारण नाही. दलालीवर जगणारीला यांपैकी काहीच मिळत नसते. पण निमंत्रण हळदीकुंकवाचे की खरेदीचे, हे आधी स्पष्ट सांगणे, आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या मैत्रिणीच्या हातावर तितक्याच प्रेमाने तिळगूळ ठेवणे, एवढे पथ्य विकणारीने व यजमानीणीने अवश्य पाळावे.

लेचवर्थच्या मापे घेणाऱ्या स्त्रियांपासून आजच्या विक्रेतींपर्यंतचा हा इतिहास स्त्रियांनी आपल्यासाठी एक खोली मिळविल्याचा आहे. पुरुषांची नजर त्या खोलीबाहेर राहिली, हा लाभ खरा आहे. मात्र त्या खोलीतील नफ्याचा मोठा वाटा अनेकदा बाहेर बसलेल्यांकडे गेला, आणि आत बसलेल्यांनी तो आपल्या मैत्रीच्या भांडवलावर मिळवून दिला. ब्राउनी वाइज यांच्या नावे एकही भाग नव्हता, ही गोष्ट म्हणूनच विसरता कामा नये. जेथे वही विक्रेतीच्या स्वतःच्या नावाची असते आणि पाहुणीला नकाराची मोकळीक असते, त्या घरातला बाजार कोणालाही भूषणावह ठरेल.