रात्री कोपरे उचलणारा रस्ता

काँक्रीटचा रस्ता म्हणजे जमिनीत बसविलेला निश्चल दगड, अशी आपली सर्वसाधारण समजूत. 1891 साली ओहायओतील बेलफोंटेन गावी जॉर्ज बार्थोलोम्यू यांनी अमेरिकेतील पहिला असा रस्ता घातला. पुढे रस्ते वाढले, तसे तडेही वाढले. दोष कोणाचा? बोट दाखवावयास मालमोटारी होत्याच.

1922-23 साली इलिनॉय राज्यात, स्प्रिंगफील्डजवळच्या बेट्स रस्त्यावर निरनिराळ्या बांधणीचे 63 तुकडे घालून त्यांवरून लष्करी मालमोटारी, ओझे वाढवीत वाढवीत, फिरविण्यात आल्या. राज्याचे मुख्य रस्ते-अभियंते क्लिफर्ड ओल्डर यांची ही परीक्षा. वजनाचा परिणाम पाहावयास निघालेल्या या मंडळींना आढळले ते निराळेच. वर एकही मोटार नसताना रस्ता हलत होता! रात्री फरशीचे कोपरे जमिनीपासून उचलले जात, दिवसा खाली टेकत.

उन्हात घातलेल्या पापडाच्या कडा वळतात, हे आपण घरोघर पाहतो. तेथे कारण मुख्यतः ओल सुकण्याचे, येथे उष्णतेचे. रात्री फरशीचा वरचा थर आधी निवतो, आकसतो आणि कोपरे वर ओढतो. अशा अधांतरी कोपऱ्यावर भरलेल्या गाडीचे चाक आले, की तडा वरच्या अंगाने सुरू होतो. दुपारी उलट: मध्यभाग फुगू पाहतो, फरशीचे वजन त्यास फुगू देत नाही, आणि ताण खालच्या अंगास बसतो. काँक्रीट दाबास खंबीर, पण ताणापुढे फार दुबळे.

कोपनहेगनला जन्मलेले प्राध्यापक हॅरल्ड वेस्टरगार्ड यांनी 1926 मध्ये चाकाच्या भाराचे आणि 1927 मध्ये तापमानाचे गणित मांडले. लांब फरशीत निव्वळ उन्हाचा ताण चाकाच्या ताणाशी बरोबरी करू शकतो, हे त्यातून दिसले. मग जाडी वाढवावी? तर वरखालच्या तापमानातील फरकही वाढतो. औषधानेच रोग पोसावा, तशी ही गत!

तेव्हा शहाणपणाचा मार्ग उरला तो फरशी आखूड करण्याचा. 30 अंशांच्या फरकाने साडेचार मीटरची फरशी जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. किलोमीटरभर अखंड घातली, तर तोच हिशेब सुमारे 30 सेंटिमीटर. 2002 साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची काँक्रीट-फरशीही सांधे ठेवूनच घातलेली आहे. काँक्रीटच्या रस्त्यावर मोटारीत बसल्या बसल्या ठरावीक अंतराने ‘टक् टक्’ ऐकू येते, ते हेच सांधे. कामातली खोट समजून आम्हीही त्या आवाजाला पुष्कळ वर्षे नाक मुरडीत आलो.