सात हजार दोनशे किलोमीटर

परवा कपाट आवरताना एक जुना बोर्डिंग पास सापडला. लंडन ते मुंबई, डिसेंबर २००६. घरच्यांना वेगळं सांगायला नकोच, बाबा गेले तो आठवडा.

तेव्हापासून हे अंतर माझ्या डोक्यात बसलंय. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं तर मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. ते तेवढंच आहे. बदलत गेला तो वेळ.

१९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले. २९ ऑगस्टला मुंबईहून 'राजपुताना' बोट, सुएझमार्गे मार्सेय, तिथून पुढे जमिनीवरून, आणि १२ सप्टेंबरला लंडन. चांगला पंधरवडा!

मग ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून उडालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं. कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० तारखेच्या सकाळी लंडनला. पंधरवड्याचा प्रवास साधारण एका दिवसावर आला. पण हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाकडे जाताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण गेले. वेग काही फुकट मिळाला नाही.

१९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, पुढे मधले थांबेही गेले. आता जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आसपास. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे घरी परतताना वारा पाठीशी असतो. मला हे फार आवडतं.

अर्थात विमान दोऱ्यासारखं सरळ जातंच असं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली ती जुलैत उघडली, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद केली. अशा वेळी वळसा पडतो आणि घड्याळाचा काटा उलटा सरकतो.

पण खरा फरक मला निरोपात दिसतो. बोटीच्या काळात बॅलार्ड पिअरला अख्खं घर पोचवायला जायचं. मागे काही झालं तर येता येणार नाही, हे दोन्हीकडच्यांना माहीत असायचं. म्हणून माणसं नीट बघून घ्यायची एकमेकांना.

मी सप्टेंबरमध्ये निघाले तेव्हा बाबा दारात उभे होते. टॅक्सीचं मीटर पडलेलं. "डिसेंबरात येतेच आहे, नऊ तासांचा तर प्रश्न," असं म्हणून मी वळूनही पाहिलं नाही.

दादाचा फोन काही सेकंदांत लागला. तिकीट मिळायला अख्खा दिवस गेला. थांबणं शक्य नव्हतं, आणि थांबू नका असं मीच सांगितलं.

त्या रात्री वारा पाठीशी होता. विमान वेळेच्या वीस मिनिटं आधी उतरलं.

आता निघताना मी आईजवळ थोडी जास्त बसते. टॅक्सी थांबते की.