नांवापुढील प्रत्यय

केडगांव म्हटलें कीं ऐकणारा लागलीच विचारतो, "कोणतें?" एक अहिल्यानगरास लागून असलेलें, रेणुकादेवीच्या स्थानामुळें प्रसिद्ध, दुसरें पुणें जिल्ह्याच्या दौंड तालुक्यांतील, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनामुळें सर्वश्रुत. नांव एकच, ओळख पटते ती पुढें जोडलेल्या जिल्ह्यावरून. आंतरजालावरील नांवांचीही हीच स्थिति आहे. नगरच्या केडगांवांतील व्यापारी संकेतस्थळ काढूं लागला, म्हणजे नांवाइतकाच त्याच्या अखेरच्या प्रत्ययाचा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. त्याचें उत्तर या प्रत्ययांच्या इतिहासांत सांपडतें.

१९८४ सालीं जॉन पोस्टेल व जॉयस रेनल्ड्स यांनीं या व्यवस्थेची आंखणी मांडली. व्यापारास कॉम, शिक्षणसंस्थांस एज्यु, इतर संस्थांस ऑर्ग, आणि प्रत्येक देशास दोन अक्षरें. डॉट कॉम १९८५ सालीं सुरू झाला. भारताचा डॉट इन १९८९ सालीं नोंदला गेला. परंतु त्याचीं दारें सर्वांस मोकळीं झालीं तीं २००५ सालीं. तोंवर डॉट कॉमचा जम सर्वत्र बसला होता. २०१४ सालीं देवनागरी डॉट भारत आला, आणि गांवाचें नांव अथपासून इतिपर्यंत आपल्या लिपींत लिहिणें शक्य झालें.

परंतु प्रत्यय हा कांहीं दगडावरचा लेख नव्हे. युगोस्लाव्हिया मोडला, आणि त्याचा वायु प्रत्यय २०१० सालीं बंद झाला. तेथील संकेतस्थळांस दुसरीकडे बिऱ्हाड करावें लागलें. उलट सोव्हिएत संघ १९९१ सालीं लयास गेला, तरी त्याचा एसयू अद्याप चालू आहे. नांवाच्या पूर्वार्धाचीही शाश्वति नाहीं. १४९० सालीं वसलेलें अहमदनगर २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. ज्यानें शहराचें नांव आपल्या पत्त्यांत गोंविलें, त्यास नवें नांव घेऊन जुनेंही राखावें लागणार. केडगांव मात्र केडगांवच राहिलें.

तेव्हां निवड गिऱ्हाइकाकडे पाहून करावी. गिऱ्हाईक देशांतलें असेल तर डॉट इन, परदेशाशीं व्यवहार असेल तर डॉट कॉम. डॉट भारत जोडीस अवश्य घ्यावा; कांहीं पत्रव्यवस्था देवनागरी पत्ता अजून स्वीकारीत नाहींत, म्हणून त्या एकट्यावर विसंबूं नये. प्रत्यय कोणताही असो, नांव विकत मिळत नाहीं. तें मुदतीच्या भाडेपट्ट्यानें मिळतें. नूतनीकरण चुकलें, तर वर्षांनुवर्षें कमावलेली ओळख परक्याच्या हातीं जाऊं शकते.