दहा टक्क्यांची कुळकथा

गवत, नाकतोडा, बेडूक, साप. आणि दर पायरीला ऊर्जा फक्त दहा टक्के पुढे. शाळेत हा नियम रेमंड लिंडमन यांच्या नावावर शिकवतात. गंमत अशी, की त्यांच्या मूळ निबंधात असा नियम नाहीच.

या कुळाचा मूळपुरुष चार्ल्स एल्टन. १९२१ मध्ये ऑक्सफर्डचा हा विद्यार्थी आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेनला गेला. तिथे झाडं नाहीत, प्राण्यांच्या जाती थोड्या. त्यामुळे कोण कोणाला खातो हे उघड्यावर दिसतं. कोल्हे पक्षी मारतात, नाहीतर अस्वलांनी टाकलेल्या सीलच्या उष्ट्यावर जगतात. १९२७ च्या ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’त एल्टन यांनी अन्नसाखळी मांडली आणि संख्येचा मनोराही: तळाशी बारके जीव पुष्कळ, शेंड्याला मोठे मोजके.

पण ही झाली शिरगणती. एका झाडावर हजारो किडे जगतात, तिथे मनोरा उलटा होतो. मग वजन करावं? तेही फसतं. इंग्लिश खाडीत तरंगत्या प्राण्यांचं वजन तरंगत्या वनस्पतींपेक्षा जास्त भरलं. त्या सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ल्या जातात. दुकानात माल थोडा, पण उलाढाल मोठी, तसलं हे प्रकरण. म्हणजे मोजायची ती उलाढाल.

लिंडमन यांनी ती मोजली. मिनेसोटातलं सीडर बॉग लेक हे जेमतेम मीटरभर खोल, गाळाने भरत चाललेलं तळं. पत्नी एलिनॉर यांच्या मदतीने त्यांनी वनस्पती, किडे, मासे, गाळ सगळ्याचे नमुने काढले आणि हिशेब कॅलरीत मांडला. श्वसनात उष्णता होऊन गेलेली ऊर्जाही त्यात धरली. उत्तर आलं: सूर्यप्रकाशातला ०.१० टक्के वनस्पतींनी पकडला, त्यातले १३.३ टक्के शाकाहारींकडे गेले, त्यातले २२.३ टक्के मांसाहारींकडे. दुसऱ्या एका तळ्याच्या, मेंडोटाच्या, हिशेबात ८.७ आणि ५.५ असे आकडे आले. दहा कुठेच नाही!

निबंध ‘इकॉलॉजी’ नियतकालिकाकडे गेला, तेव्हा दोन ज्येष्ठ परीक्षकांनी तो नाकारावा म्हणून कळवलं. त्यांच्या मते तळी थोडी आणि सिद्धांत फार होता. येलचे हचिन्सन पाठीशी उभे राहिले, संपादक थॉमस पार्क यांनी धाडस केलं, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात तो छापला गेला. लिंडमन जूनमध्येच यकृताच्या आजाराने गेले होते. वयाची सत्तावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

दहाला भक्कम आधार मिळाला तो फार उशिरा. १९९५ मध्ये पॉली आणि क्रिस्टेन्सन यांनी पाण्यातल्या परिसंस्थांची ४८ प्रारूपं तपासली, सरासरी १०.१ टक्के निघाली. पण ती सरासरीच. सुटे आकडे तिच्या खूप खाली-वर पसरलेले होते. तेव्हा परीक्षेत दहा टक्के लिहा, गुण मिळतील. आपल्या तळ्यात मासे किती पोसले जातील, याचा हिशेब मात्र त्यावर करू नका.