मरण, शोक आणि आमचे मराठी कवी

नोव्हेंबर महिना आला की बुटीबोरी परिसरातील कुटुंबे आपल्या दिवंगतांची नावे मिस्सेसाठी आमच्याकडे देऊन जातात. काही वर्षांपूर्वी अशीच एक माता आली. तिचे बालक तापाने दगावले होते. “बाई, रडू नका, बाळ देवाघरी सुखी आहे,” आम्ही म्हणालो. ती शांतपणे उत्तरली, “फादर, ते मला ठाऊक आहे. पण आज मला रडू द्या.” आम्ही निरुत्तर झालो. सेमिनरीत मरणाविषयी पुष्कळ शिकलो होतो. शोकाविषयी मात्र पुढे मराठी कवींनीच आम्हांस शिकविले.

१२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली. तो प्रसंग नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत वर्णिला आहे. जाणारा स्वेच्छेने, शांतपणे जातो. मागे राहणारे मात्र व्याकूळ होतात. ईश्वरनिष्ठा आणि वियोगदुःख एकाच हृदयात नांदू शकतात, हे त्या परमभक्ताने लपविले नाही.

पुढे १६१६ साली येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. त्यातील दुसऱ्या पुराणात प्रभूचे दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांची कथा ओवीबद्ध आहे. येथे मरण हा कथेचा शेवट नाही. तथापि क्रुसाचा शुक्रवार वगळून श्रोत्याला पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत पोहोचता येत नाही.

आधुनिक काळातील दोन कवींचे धागे तर आमच्याच जिल्ह्याशी जुळलेले आहेत. बुटीबोरी नागपूरच्या दक्षिणेस, तर सावनेर उत्तरेस. त्या सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी, म्हणजेच कवी गोविंदाग्रज, यांचे अवघ्या तेहतिसाव्या वर्षी निधन झाले. महाराष्ट्राला पोट धरून हसविणाऱ्या या लेखकाने ‘राजहंस माझा निजला’ ही कविता लिहिली. तीतील माता बाळाचे मरण मान्यच करीत नाही. तो झोपला आहे, असेच ती म्हणत राहते. कवी तिला उपदेश करीत नाही, तिची चूकही दाखवीत नाही. तो केवळ तिचे ऐकतो.

त्याच वर्षी, ९ मे रोजी, रेव्हरंड नारायण वामन टिळक मुंबईत निवर्तले. ते काही काळ नागपुरात राहिले होते. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. पण त्यांची ‘बापाचे अश्रू’ ही विलापिका आपणा सर्वांची आहे. पुरुषाने रडू नये असे मानणाऱ्या समाजात एका ख्रिस्ती उपदेशकाने आपल्या कवितेला हे नाव दिले, यातच पुष्कळ आले.

एक भक्त रडतो, एक माता मरण नाकारते, एक पिता उघडपणे अश्रू ढाळतो. शोकाची ही रूपे निराळी आहेत. परंतु त्यांतील एकालाही आम्ही अश्रद्धा म्हणू धजणार नाही. लाझरसला आपण उठविणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरेपाशी रडला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो.

वाचकहो, यंदा कुणाच्या घरी सांत्वनास जाल तेव्हा उपदेशाची घाई करू नका. क्षणभर शेजारी बसा. आशेचा शब्द अवश्य बोला. परंतु अश्रूंना आधी वाट द्या. ती माता आता भेटली, तर आम्हीही तेच करू.